अपेंडिक्स आधी की मुख्य परीक्षा?

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणारी पंचवीस वर्षांची. मूळ गाव परभणी जिल्ह्यात. दोन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करते आहे. पूर्व परीक्षा निघाली, मुख्य परीक्षा अडीच महिन्यांवर आली आहे. गेल्या दिवाळीपासून पोटदुखीचे तीन झटके आले. दर वेळी सुरुवात बेंबीभोवती होते, काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं, एखादी उलटी होते, अन्नावरची वासना उडते. दोन-तीन दिवसांत सगळं शांत. पहिल्या वेळी खोलीजवळच्या डॉक्टरांनी ‘मेसचं जेवण, जागरण आणि टेन्शन’ असं म्हणून गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या वेळी दुखणं थांबल्यावर चार दिवसांनी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. तिसरा झटका बारा दिवसांपूर्वीचा. दवाखान्यात जाताना रिक्षा प्रत्येक स्पीडब्रेकरवर आदळली की जीव जात होता. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं, जाडी साडेसात मिलिमीटर. उजवीकडे खाली दाबलं की दुखत होतं आणि रक्तात पांढऱ्या पेशी १२,८०० होत्या. सलाईन, इंजेक्शनं आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी आराम पडला.

सर्जन म्हणाले, काढून टाका. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, जुनं अपेंडिक्स वगैरे काही नसतं, असतं तर एव्हाना फुटलं असतं. आई म्हणते बेंबी सरकली आहे, गावी ये, चोळून घेऊ. मावशी म्हणते लग्नाआधी पोटावर टाके नकोत, पुढे मूल होताना अडचण येते. रूममेटने मोबाइलवर वाचलं की परदेशात आता अपेंडिक्स नुसत्या औषधांनी बरं करतात. तिचा प्रश्न असा : “परीक्षा होईपर्यंत गोळ्यांवर ढकलू का? की आत्ता ऑपरेशन करून अभ्यासाचा एक महिना घालवू?”

उत्तर :

तू दोनच पर्याय मांडलेस आणि दोन्हींत एकेक गोष्ट गृहीत धरलीस. पहिल्यात असं की गोळ्यांवर अडीच महिने निघतील. दुसऱ्यात असं की ऑपरेशन म्हणजे महिना गेला. दोन्हींकडे येतेच. पण त्याआधी एक प्रश्न आहे, जो तू विचारलाच नाहीस कारण सर्जनने तो तुझ्यासाठी सोडवून टाकला : हे दुखणं खरोखर अपेंडिक्सचंच आहे का? पोट उघडायचं की नाही हे त्यावर ठरतं, परीक्षेच्या तारखेवर नाही.

तुझ्या दोन डॉक्टरांची मतं उलटसुलट वाटतात, पण दोघं वेगवेगळ्या आजारांबद्दल बोलत आहेत. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी, साधारण करंगळीएवढी, एका टोकाला बंद असलेली नळी. तिचं तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा आतल्या ग्रंथी सुजल्याने बंद झालं की आत स्राव साचतो, दाब वाढतो, जंतू वाढतात आणि दाह सुरू होतो. तोंड बंदच राहिलं तर भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि नळी फुटते. पण प्रत्येक वेळी ते बंद राहत नाही. मोरीचा पाइप तुंबतो, गुडगुड करतो आणि एकदम मोकळा होतो, तसं इथेही होतं. साचलेलं आतड्यात निघून जातं आणि दोन-तीन दिवसांत माणूस जेवायला लागतो. याला ‘पुन्हा पुन्हा होणारा दाह’ म्हणतात आणि तो काही दुर्मीळ नाही. एकदा येऊन गेलेल्या दाहाने नळीत व्रण धरतो, ती आकसते, आणि पुढच्या वेळी तुंबणं आणखी सोपं होतं. तेव्हा ‘असतं तर फुटलं असतं’ हा तर्क चालत नाही. प्रत्येक सुजलेलं अपेंडिक्स फुटतंच असं नसतं.

‘जुनाट’ अपेंडिक्स ही याहून वेगळी गोष्ट. त्यात झटके नसतात, आठवडे-महिने उजवीकडे खाली मंद दुखत राहतं, ताप नसतो, रक्त बहुधा नॉर्मल असतं. हा प्रकार आहे, पण अपेंडिक्सच्या शंभर रुग्णांत एखाद-दुसरा. पक्की खात्री होते ती काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. पूर्वी उजवीकडच्या कुठल्याही रेंगाळणाऱ्या दुखण्याला हे नाव देऊन अपेंडिक्स काढली जायची आणि दुखणं जागच्या जागी राहायचं. त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांचा या शब्दावर राग आहे, आणि तो रास्त आहे. तुझ्या दुसऱ्या डॉक्टरांचा रोख तिकडे असावा. पण तुझी कहाणी मंद दुखण्याची नाही. तीन वेगळे झटके आणि मधले महिने अगदी ठणठणीत, अशी आहे.

आता ती कहाणी जरा बारकाईने बघू. पहिली खूण म्हणजे दुखण्याचं सरकणं. सुरुवातीला अपेंडिक्सच्या भिंतीतल्या नसा निरोप देतात तो ढोबळ असतो, म्हणून बेंबीभोवती कुठेतरी दुखल्यासारखं वाटतं. दाह बाहेरच्या आवरणापर्यंत पोचला की पोटाच्या अस्तराला चुरचुर लागते आणि मग रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो. उजव्या कमरेचं पुढचं टोकदार हाड आणि बेंबी यांना जोडणारी रेघ मनात काढ. हाडाकडून तिचा एक तृतीयांश भाग सोडला की ती जागा येते. चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकी सर्जनने १८८९ साली ती नोंदवली, म्हणून आम्ही आजही ‘मॅकबर्नी पॉइंट’ म्हणतो. गॅसचं दुखणं असं वागत नाही. ते फिरतं, पादल्यावर किंवा शौचाला झाल्यावर हलकं होतं, आणि त्यात भूक सहसा मरत नाही.

दुसरी खूण तू सहज लिहून गेलीस, ती रिक्षाची. पोटाच्या अस्तराला सूज आली की धक्का सहन होत नाही. आम्ही रुग्णाला खोकायला सांगतो, किंवा टाचा उचलून धपकन टेकवायला सांगतो, त्याचं कारण हेच. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत अपेंडिक्सचा दाह पक्का ठरलेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांनी रुग्णालयात येताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा दुखणं वाढलं असं सांगितलं. पण ही खूण एका बाजूनेच पक्की आहे. धक्क्याने दुखलं नाही तर अपेंडिक्स नसण्याची शक्यता मोठी. दुखलं म्हणजे अपेंडिक्सच, असं मात्र नाही. अस्तराला सूज आणणारं दुसरं काहीही असू शकतं.

तुला गुणांची सवय आहे म्हणून सांगते. आल्वाराडो नावाच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये यासाठी दहा गुणांचा तक्ता केला, तो अजून वापरात आहे. दुखणं उजवीकडे सरकणं १, भूक जाणं १, मळमळ किंवा उलटी १, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं २, दाबलेला हात पटकन सोडल्यावर दुखणं १, अंगात थोडा ताप १, पांढऱ्या पेशी वाढणं २ आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशींचं प्रमाण वाढणं १. तुझ्या पत्रातल्या मजकुरावरूनच सात होतात. ताप, न्यूट्रोफिल आणि हात सोडल्यावरचं दुखणं तू लिहिलेलंच नाहीस. सात आणि पुढे म्हणजे दाट शक्यता.

मग प्रश्न मिटला का? जवळजवळ. एक अडचण उरते : हा तक्ता तरुण स्त्रियांना गुण जरा सढळ हाताने देतो. अपेंडिक्सच्या शेजारीच उजवा बीजकोश आणि गर्भनलिका असते. बीजकोशातली गाठ फुटली किंवा पिळली गेली, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) असला, गर्भनलिकेला सूज आली, तर दुखणं त्याच जागी येतं. पाळीच्या मधोमध, बीज सुटताना दुखणाऱ्या मुली तर कितीतरी. म्हणून तिन्ही झटक्यांच्या तारखा काढ आणि त्या पाळीच्या तारखांशेजारी लिही. झटके दर वेळी चक्राच्या त्याच दिवसांत येत असतील तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. लघवीची तपासणीही बघ. मूत्रनळीतला खडा असाच उजवीकडे कळा देतो, पण त्या कळा पाठीकडून जांघेकडे उतरतात आणि माणूस तळमळत फिरतो. अपेंडिक्सचा रुग्ण उलट निपचित पडून राहतो, पाय पोटाशी घेऊन.

आणि आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालत नाही : आतड्याचा क्षयरोग. त्याची आवडती जागा लहान आणि मोठं आतडं जुळतात ती, म्हणजे अपेंडिक्सच्या अगदी दाराशी. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पोटात गोळा फिरतो आणि गुडगुडून मोकळा होतो, असं काही असेल तर सर्जनला आवर्जून सांग. क्रोन्स नावाचा आतड्याचा दाहही तिथेच बसतो. अशा वेळी नुसतं अपेंडिक्स काढून काही साधत नाही.

सोनोग्राफीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, तुझाही तोच दिसतो. तुझी पहिली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ होती असं तू म्हणतेस. तो कागद काढून परत वाच. बहुतेक त्यात लिहिलं असेल की वायूमुळे अपेंडिक्स दिसलं नाही. ‘दिसलं नाही’ आणि ‘ठीक आहे’ यांत फरक आहे. शिवाय दुखणं जाऊन चार दिवस झाल्यावर सूज उतरलेली असते, मग मशीन काय दाखवणार? झटक्याच्या दिवशीची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी लाखमोलाची. सहा मिलिमीटरहून जाड, दाबल्यावर न चेपणारं आणि प्रोब टेकवताच दुखणारं अपेंडिक्स हा पुरावा आहे, आणि तुझ्याकडे तो आहे. अशी फाइल घेऊन येणारे रुग्ण कमी असतात. बहुतेक जण दुखणं गेल्यावर, हात हलवत येतात.

तरी सर्जनला विचार की एकदा कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन करावा का. माझं मत : तारखा पाळीशी जुळत असतील, वजन उतरत असेल किंवा गोष्टीत कुठे खोट वाटत असेल तर जरूर करावा. सगळं इतकं जुळत असताना मात्र पंचवीस वर्षांच्या मुलीला उगाच किरणोत्सर्ग कशाला, असं म्हणणारा सर्जन चुकत नाही. सीटीचा एक जास्तीचा फायदा असतो. नळीत खडा अडकलेला असेल तर तो स्पष्ट दिसतो, आणि पुढचा हिशोब त्या खड्यावर बराच अवलंबून असतो.

आता रूममेटने वाचलेली बातमी. ती खोटी नाही. फिनलंडमध्ये ५३० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. न फुटलेला, खडा नसलेला दाह असलेल्यांपैकी निम्म्यांवर ऑपरेशन केलं, निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, आणि पाच वर्षांत सुमारे ३९ टक्क्यांचा दाह उलटला. म्हणजे साठेक टक्के लोक पाच वर्षं ऑपरेशनशिवाय राहिले. काही थोडं नाही हे! अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५५२ जणांच्या चाचणीत खडा असलेले रुग्णही घेतले होते. तिथे औषधाच्या गटातल्या सुमारे २९ टक्क्यांना तीन महिन्यांतच ऑपरेशन लागलं, आणि ज्यांच्या नळीत खडा होता त्यांच्यात हा आकडा ४१ वर गेला.

पण हे आकडे तुला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. ते लोक रुग्णालयात किंवा डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या मात्रेत, दहाएक दिवसांचा पूर्ण कोर्स घेत होते. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि बरं वाटलं की उरलेल्या कपाटात ठेवायच्या, याला ते उपचार म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे, ज्याला पहिल्यांदा दाह झाला त्याला औषध देऊन बघणं हा मान्य मार्ग आहे. तुझा हा तिसरा, आणि मधलं अंतर कमी होत चाललं आहे. तुझ्या बाबतीत दुखणं उलटेल का हा प्रश्न उरलेला नाही. ते दोनदा उलटून झालं. आता औषधाने मिळतो तो फक्त वेळ. वेळ मिळवायला हरकत नाही, पण त्याला बरं होणं समजू नकोस.

दुसऱ्या पर्यायातला ‘महिना’ कुठून आला? बहुधा तुझ्या काकांचं किंवा शेजाऱ्यांचं जुनं, चिरा देऊन केलेलं किंवा फुटल्यावर केलेलं ऑपरेशन तुझ्या डोळ्यांसमोर आहे. शांत काळात, ठरवून, दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन निराळं असतं. पूर्ण भूल, पोटावर तीन छोटी छिद्रं, एक बेंबीपाशी आणि दोन खाली, त्यातली बहुतेक अर्ध्या ते एक सेंटिमीटरची. संध्याकाळी पाणी, चहा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालणं. एक-दोन दिवसांत घरी. एक विचित्र गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाहीस : पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. टेबलाशी बसून वाचायला साधारण आठवडाभरात जमतं. अभ्यासिकेचे तीन जिने चढायला चालतात. पाण्याचा वीस लिटरचा जार आणि गावाहून आलेली पोती उचलायची नाहीत, तीन-चार आठवडे. म्हणजे आठ-दहा दिवस जातील असं धर, त्यातले काही पडून वाचण्यात.

उलट बाजू अशी. पुढचा झटका फुटण्याचा निघाला तर अपरात्री जे रुग्णालय उघडं असेल तिथे, जो सर्जन असेल त्याच्याकडे. पोट धुवावं लागतं, नळी ठेवावी लागते, रुग्णालयात आठवडा जाऊ शकतो, जखमेत पू होण्याची भीती वेगळी. किंवा मधलाच प्रकार होतो : शरीर सुजलेल्या अपेंडिक्सभोवती आतडी गोळा करून त्याचा गठ्ठा बांधून टाकतं. त्यात घाईने हात घातला तर आतड्याला इजा होते, म्हणून बहुधा आधी औषधं देतात आणि गरज असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढतात. हे सगळं मुख्य परीक्षेच्या वेळापत्रकात कुठे बसवशील?

ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच कचाट्यात सापडला होता. २६ जून १९०२ ला राज्याभिषेक, पाहुणे लंडनमध्ये येऊन बसलेले, आणि स्वारींच्या पोटात अपेंडिक्सचं गळू. ते काही ऐकायला तयार नव्हते. शेवटी २४ तारखेला राजवाड्यातच गळू फोडून पू काढला. अपेंडिक्स काढलंच नाही, तरी ते वाचले. राज्याभिषेक ऑगस्टवर गेला. एमपीएससी परीक्षा पुढे ढकलते हे खरं, पण तुझ्या पोटासाठी नाही ढकलणार.

म्हणून माझा कौल असा : तारखांची आणि क्षयाची शंका फिटली की येत्या दोन-तीन आठवड्यांत, दुखणं शांत असताना, ठरवून ऑपरेशन करून घे. अडीच महिन्यांची जी मुदत तुला अडचण वाटते आहे, तिच्यामुळेच हे जमण्यासारखं आहे. पंधरा दिवस उरले असते तर मी कदाचित वेगळं बोलले असते.

एवढं सांगूनही तू थांबायचं ठरवलंस तर ते वेडेपणाचं म्हणणार नाही. कित्येक जण थांबतात आणि त्यांचं निभावतं. पण मग काही पथ्यं पाळ. नळीत खडा नाही हे आधी तपासून घे, असेल तर थांबू नकोस. जिथे चोवीस तास सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळतात असं खोलीजवळचं रुग्णालय आजच बघून ठेव. रिपोर्टची फाइल कुठे आहे ते रूममेटला माहीत असू दे. आणि झटका आला की वेदनाशामक गोळी घेऊन खोलीत झोपून राहू नकोस. डॉक्टरांनी तपासून वेदनाशामक दिलं तर निदान बिघडत नाही, ती भीती जुनी झाली. घात होतो तो स्वतःच गोळी घेऊन वाट बघत बसण्यात.

आईशी वाद घालू नकोस. बेंबी सरकणं ही तिच्या पिढीची पोटदुखीची भाषा आहे आणि पुष्कळदा साध्या मुरड्याला चोळून बरंही वाटतं. पण सुजलेल्या अपेंडिक्सवर चोळणं म्हणजे आत साचलेला पू पोटभर पसरवायला हातभार लावणं. एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा हेही तितकंच घातक. आतडं जोराने आवळलं जातं आणि फुटायचं ते लवकर फुटतं. आईला एवढंच सांग : ‘सर्जनने दाखवलेली सूज कागदावर आहे, ती उतरेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही.’ जमलं तर तिला पुण्याला बोलाव आणि सर्जनसमोर बसव. फोनवर पटणार नाही ते तिथे पाच मिनिटांत पटतं.

मावशीचं म्हणणं मात्र खोडून काढायला हवं, कारण त्यापायी कितीतरी मुली थांबतात. साधं, न फुटलेलं अपेंडिक्स काढल्याने मूल होण्यात बाधा येत नाही. पू पसरला तर ओटीपोटात आतडी, नलिका एकमेकांना चिकटू शकतात, म्हणजे भीती धरायची तर ती फुटण्याची. शिवाय गरोदरपणात बाळंतपणाशी संबंध नसलेलं जे ऑपरेशन तातडीने करावं लागतं, त्यात अपेंडिक्सचा नंबर पहिला. सहाव्या महिन्यात पोट वाढलेलं असताना हे निदान करणं आम्हालाही अवघड जातं. लग्नाआधी नको असं म्हणणाऱ्या मावशीला हे जरूर सांग. राहिले टाके. वर्षभराने ते शोधून दाखवावे लागतात.

‘नाहीतरी बिनकामाचा अवयव, मग शंका आली की काढलेला बरा’ असंही तुला कुणीतरी म्हणेल. तेही मला मान्य नाही. त्यात रोगप्रतिकारक पेशींचा साठा असतो, आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं ते कोठार असावं असाही कयास आहे. ते नसलं तरी माणूस मजेत जगतो. पण भूल आणि ऑपरेशन ही काही करमणूक नव्हे. पुरावा नसताना, नुसतं उजवीकडे दुखतं म्हणून पहिल्याच भेटीत ‘उद्या ॲडमिट व्हा’ असं ऐकलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि तुमचे कागद तुम्हाला मागितल्यावर मिळालेच पाहिजेत. ज्यांचं दुखणं मंद आणि रेंगाळणारं आहे त्यांनी तर हे नक्की करावं. पोटाचे स्नायू ताठ करून, डोकं वर उचलून, दुखऱ्या जागी दाबल्यावर दुखणं वाढत असेल तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतल्या नसेचं असतं. त्यावर एखादं इंजेक्शन पुरतं, अपेंडिक्सचा काही संबंध नसतो. ही साधी तपासणी पुष्कळदा राहूनच जाते.

पैशांचं तू काही लिहिलं नाहीस, पण ते डोक्यात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला आधी भेट आणि हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेतून होतं का ते विचार. काही ऑपरेशनं सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात, त्यामुळे तिथे नाही म्हटलं तर ससूनला विचार. सर्जन सरकारी असला म्हणून दुर्बीण वेगळी नसते. रांग मात्र असते, म्हणून उद्यावर ढकलू नकोस.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. पाच वर्षांखालच्या मुलांना नीट सांगता येत नाही आणि त्यांचं अपेंडिक्स फुटतंही लवकर. पोट दुखतंय, खेळत नाही, उलट्या आणि ताप आहे, तर ‘जंत झाले असतील’ म्हणून रात्र काढू नका. म्हाताऱ्या माणसांत याच्या उलट : दुखणं सौम्य, ताप नाही, आणि आत फुटलेलं. चाळिशीपुढच्या ज्यांचा अपेंडिक्सचा गोळा औषधांनी विरला, त्यांनी नंतर दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी. त्या गोळ्याआड कधीकधी कर्करोग लपलेला असतो.

आणि सगळ्यांसाठी : दुखणं सहा-आठ तासांत वाढतच चाललंय, पोट लाकडासारखं कडक लागतंय, थंडी वाजून ताप येतोय, चालताना कंबरेत वाकावं लागतंय, तर सकाळची वाट बघू नका. भयंकर दुखणं अचानक थांबलं आणि तासाभरात पोट फुगायला लागलं तर तो आराम नव्हे. बहुधा तेव्हाच अपेंडिक्स फुटलेलं असतं. दवाखान्यात पोचेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. मुली-बायकांनी पाळी चुकली असेल तर ते न लाजता पहिल्या वाक्यात सांगावं. गर्भनलिकेतला गर्भ फुटला तर तासांचाही अवधी मिळत नाही.

तू सर्जनकडे जाशील तेव्हा तीन गोष्टी विचार : दुर्बिणीतून करणार का आणि चिरा द्यावा लागण्याची शक्यता किती; अपेंडिक्स साधं निघालं तर आत बीजकोश, लहान आतडं वगैरे पाहणार ना; आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दाह जुना होता की नवा, क्षय होता का, क्वचित एखादी छोटी गाठ होती का, हे त्या तपासणीतच कळतं. तो रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर टाके सुकलेले असतात, रुग्ण घरी पोचलेला असतो आणि कागद प्रयोगशाळेत तसाच पडून राहतो. तू तो आणायला जा. अभ्यासिकेतून परतताना वाट वाकडी करावी लागली तरी.